बिरसा ठेवायचं की बीरशा?

बारसं तोंडावर आलंय, घरात दोन नावांवर बोलणं अडून बसलंय आणि ती दोन्ही नावं ऐकायला जवळजवळ सारखीच आहेत, अशी वेळ तुमच्यावर आली असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतलंच घेतो: बिरसा आणि बीरशा. बापाला एक हवं, आज्याला दुसरं. आईला दोन्हींत फारसा फरक वाटत नाही, कारण अंगणातून हाक मारली तर दोन्ही नावं एकसारखीच कानावर पडतात. पण ही दोन नावं दोन वेगळ्या माणसांची, दोन वेगळ्या मुलखांची आहेत, आणि मुलगा मोठा होईल तसा हा फरक त्याच्या वाट्याला येत जाणार आहे. तो आधीच नीट समजून घेतलेला बरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नावाचा ठसा त्याच्या उच्चारातून थोडासा उमटतो. त्या नावामागे कोणाची आठवण उभी आहे आणि ऐकणारा माणूस कुठला आहे, यातून तो कितीतरी जास्त उमटतो. म्हणून दोन सारख्या नावांतून निवड करताना कानावर विसंबू नका. प्रत्येक नाव कोणकोणत्या ठिकाणी उच्चारलं जाणार आहे ते डोळ्यांपुढे आणा आणि मग ठरवा.

बिरसा हे नाव मूळचं आपल्याकडचं नाही. ते मुंडांचं, छोटा नागपूरच्या डोंगरांतलं. बिरसा मुंडा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७५ चा मानतात, गाव उलिहातू, आता झारखंडच्या खुंटी जिल्ह्यात. गरीब रयतेचं पोर. जमीनदारी, वेठबिगार आणि इंग्रजी राज्य यांच्याविरुद्ध त्यांनी उलगुलान, म्हणजे बंड, उभारलं, पकडले गेले आणि ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात वारले. पंचविशीही पूर्ण झाली नव्हती. आपल्या भागात हे नाव जयंत्या, मेळावे, विद्यार्थी संघटना आणि वाचन यांच्या वाटेनं आलं. २०२१ पासून केंद्र सरकार १५ नोव्हेंबर हा जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळतं. पंचायत समितीच्या कृषी विभागात गेलात तर आदिवासी शेतकऱ्यांना विहिरीसाठी अनुदान देणारी योजनाही बिरसा मुंडा यांच्याच नावाची आहे. म्हणजे हे नाव शाळेच्या भिंतीवर आहे, सरकारी फलकावर आहे आणि मोर्चाच्या घोषणेतही आहे.

बीरशा मात्र अगदी आपल्या उंबऱ्यावरचा. लिहिताना बीरशाह किंवा वीरशाह, बोलताना बीरशा. चांद्याच्या गोंड राजवंशातला हा राजा, सतराव्या शतकाच्या अखेरीचा. राणी हिराईचा नवरा म्हटलं की चंद्रपूरच्या माणसाला लगेच ओळख पटते. देवगडच्या राजघराण्यात दिलेल्या लेकीचा अपमान झाला म्हणून त्यानं देवगडवर चाल केली आणि पुढे तो स्वतःच दग्यानं मारला गेला, अशी कथा या भागात सांगतात. त्याच्यामागे हिराईनं दत्तक घेतलेल्या रामशाहाच्या वतीनं राज्य सांभाळलं, नवऱ्याची समाधी बांधली आणि महाकालीच्या देवळाच्या बांधणीचं श्रेयही तिलाच दिलं जातं. अंचलेश्वर दरवाजाकडे गेलात तर ती समाधी आजही पाहायला मिळते. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं येतात. त्यांतल्या कितीजणांना देवळामागचा हा संसार ठाऊक असेल कोण जाणे, पण आपल्याला ठाऊक असायला हवा.

तर एका बाजूला तुरुंगात मेलेला रयतेचा पोर आणि दुसऱ्या बाजूला दगडी समाधीत निजलेला राजा. दोघांच्या नावांत फरक एका अक्षराचा.

आता हा फरक मुलाच्या रोजच्या जगण्यात कसा उतरतो ते पाहू. बिरसा नावाच्या मुलाला स्वतःची ओळख सांगावी लागत नाही, ती आधीच सांगितलेली असते. दरवर्षी १५ नोव्हेंबरला शाळेत भाषणं होणार, आणि वर्गात बिरसा नावाचा मुलगा असेल तर गुरुजींची नजर त्याच्याकडे वळणार. त्याला पुढे बोलावतील, बोलायला लावतील, नाटकात धनुष्य हातात देतील. काही मुलांना हे फार आवडतं, त्यांची मान ताठ होते. एखाद्या बुजऱ्या मुलाला तेच ओझं वाटू शकतं. म्हणून नाव बिरसा ठेवलंत तर घरात त्याला बिरसा मुंडांची गोष्ट लवकर सांगा, सोप्या शब्दांत आणि खरी सांगा. फोटोतला पागोटं बांधलेला तरुण कोण, हे त्याला शाळेच्या आधी घरात कळलं पाहिजे. त्याचबरोबर, तुला त्यांच्यासारखंच व्हायचंय असं त्याच्या कानी सतत घालू नका. नाव थोराचं असलं तरी पोर तुमचं आहे, त्याला गुरं चारताना झोप लागू शकते आणि गणितात नापासही होता येतं.

बीरशा नावाच्या मुलाची गोष्ट उलटी. त्याच्या नावाची जयंती नाही, योजना नाही, पाठ्यपुस्तकात धडा नाही. चंद्रपूर शहराबाहेर निघालं की बहुतेकांना हा राजा माहीत नसतो. ओळख त्यालाच सांगावी लागणार, आणि ती सांगण्यासाठी आधी त्याच्या आईबापांना ठाऊक असायला हवी. हे नाव ठेवायचं असेल तर परकोट, जटपुरा दरवाजा, समाधी, महाकाली हे सगळं पोराला एकदा पायी फिरून दाखवायचं ठरवून टाका. खांडक्या बल्लाळशाह कोण, हिराई कोण, भोसल्यांनी १७५१ मध्ये चांदा कसा घेतला, एवढं त्याला दहाव्या वर्षापर्यंत सांगता आलं पाहिजे. नाहीतर हे नाव त्याला नुसतं जुनाट वाटेल आणि कॉलेजात गेल्यावर तो ते वीर करून टाकेल.

उच्चाराकडे येऊ. कागदावर स आणि श हे दोन स्वतंत्र वर्ण आहेत, पण आपल्या झाडीबोलीत श जिभेवर येतच नाही, त्याच्या जागी स येतो. ण चा न होतो तसाच श चा स. आरमोरी-ब्रह्मपुरीच्या शेतात उभी असलेली आजी बीरशाला हाक मारेल ती बीरसा अशीच. गोंडी-माडिया बोलणाऱ्या घरांतही हा श बऱ्याचदा स होतो. म्हणजे घरात बीरशा ठेवलंत तरी पाच-सहा वर्षं त्याचं नाव गावात बीरसाच चालणार आहे, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी जे ऐकतील तेच लिहिण्याचा संभव मोठा.

याच्या अगदी उलट प्रकार चामोर्शी-मुलचेरा भागातल्या बंगाली वसाहतींत दिसेल. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची ही गावं. बंगालीत लिहितात स, पण म्हणतात बहुधा श. तिथला दुकानदार तुमच्या बिरसाला बिरशा म्हणेल आणि त्याच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर असेल. खाली सिरोंच्याकडे तेलुगू कान आहे, तिथे दोन्ही वर्ण वेगळे ओळखू येतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात उत्तरेकडे बीरशाचा बीरसा होतो, चामोर्शीच्या बाजूला बिरसाचा बिरशा होतो आणि सिरोंच्यात दोन्ही नावं आपापल्या जागी राहतात. तुमचा मुलगा कोणत्या बाजाराला जाणार, कोणत्या आश्रमशाळेत राहणार, याचा विचार करून नाव निवडा, असं मी म्हणतो ते याचसाठी.

आवाजाचा स्वतंत्र परिणाम अजिबात नसतो असं नाही. कॅनडातले संशोधक डेव्हिड सिद्धू आणि पेनी पेक्समन यांनी २०१५ मध्ये माणसांच्या नावांवर काम प्रसिद्ध केलं. ब, म यांसारखे मऊ आवाज असलेल्या नावांना लोक गोलसर आकृती जोडतात आणि क, ट यांसारखे आवाज असलेल्या नावांना टोकदार आकृती, असं त्यात दिसलं. त्याआधी २००१ मध्ये विलयनूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी बुबा-किकी या निरर्थक शब्दांवर असंच काम मांडलं होतं. आपल्या जोडीत दोन्ही नावांची सुरुवात ब नं होते, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. ऱ्हस्व बि मुळे बिरसा चटकन उडून जातं, दीर्घ बी मुळे बीरशा थोडं ठाय लयीत येतं. पहिलं चपळ वाटतं, दुसरं भारदस्त. एवढाच आवाजाचा वाटा. वर सांगितलेल्या आठवणींपुढे तो फार लहान आहे, त्याला जास्त महत्त्व देऊ नये.

गावाबाहेरचा कान हा खरा नाजूक मुद्दा. मुलगा नागपूर, पुणे, मुंबईला शिकायला जाईल तेव्हा बीरशाह हे नाव लोक कसं वाचतील? शाह हे टोक पाहून अनेकांना ते आडनाव वाटेल. कोणी गुजराती समजेल, कोणी मुसलमान समजेल, आणि अर्जात पहिलं नाव बीर, आडनाव शाह असं फोडलंही जाईल. आपल्या भागात शाह हे नावाचंच टोक असतं, राजवंशापासून चालत आलेलं. १९६२ मध्ये चांदा मतदारसंघातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेलेले लाल श्यामशाह यांचं नाव घ्या, तेच रूप. पण पुण्याच्या वसतिगृहातल्या लिपिकाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. यावर उपाय सोपा आहे: नाव एकसंध, एका शब्दात लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही, आणि प्रत्येक अर्जात तसंच लिहायचं. बोलण्यातलं बीरशा हेच रूप कागदावर घेतलंत तर हा गोंधळ आणखी कमी होतो. मला स्वतःला ते रूप जास्त आवडतं, कारण ते इथल्या जिभेवरचं आहे.

बिरसा नाव ऐकलं की मुलगा आदिवासी आहे हे बाहेरचा माणूस बहुधा लगेच ओळखतो. काही आईबापांना नेमकं हेच नको असतं. पोराला शहरात कोणी वेगळं वागवू नये, म्हणून ते आरव, आर्यन अशा नावांकडे वळतात. त्यांची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण नाव लपवल्यानं आडनाव लपत नाही. मडावी, आत्राम, उसेंडी, नरोटे, कोवे ही आडनावं पुढच्याच रकान्यात असतात. त्यापेक्षा ज्याला आपल्या नावाची गोष्ट छातीठोक सांगता येते तो मुलगा टोमण्यापुढे जास्त टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप दोन्ही नावांवर येतो: एक तुरुंगात मेला, दुसऱ्याचा खून झाला, असं नाव कशाला? या आक्षेपाला उडवून लावू नका, त्यामागे नातवाच्या आयुष्याची भीती आहे. शांतपणे एवढंच दाखवून द्या की महाराष्ट्रात संभाजी आणि अभिमन्यू ही नावं पिढ्यान् पिढ्या घरोघर ठेवली गेली. दोघांचाही शेवट कसा झाला हे नाव ठेवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. नाव ठेवताना लोकांनी त्यांचं मरण पाहिलं नाही, त्यांची हिंमत पाहिली.

आता आज्याचं नाव. आपला पूर्वजच परत आला, या भावनेनं आज्या-पणज्याचं नाव नातवाला देण्याची रीत गोंड समाजात आहे. पणजोबांचं नाव बीरशा असेल तर मग माझ्या मते वाद उरत नाही. तेच ठेवा. बिरसा मुंडांबद्दलचा आदर दुसऱ्या हजार वाटांनी दाखवता येतो, पण पणज्याची हाक पुन्हा घरात ऐकू येण्याची वाट हीच एक असते.

वारावरून नाव ठेवण्याची रीतही मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत आहे: सोमा, मंगरू, बुधू, सुकरू. बिरसा हेही मुळात असंच वाराचं नाव, गुरुवारी जन्मलेल्या मुलाला मुंडा लोक बिरसा म्हणतात, असं बिरसांच्या चरित्रांत सांगितलेलं असतं. तुमचा मुलगा गुरुवारी जन्मला असेल तर हे नाव ठेवायला आणखी एक चांगलं कारण मिळालं. पण हे मी सांगतोय ते दुसऱ्या एका नावासाठी. बुधवारचा बुधू शाळेत गेला की मुलं त्याचं बुद्धू करतात. ऐकायला सारखे दोन शब्द, एक नाव आणि दुसरी शिवी. अशा वेळी नाव बदलून सुरेश, रमेश करण्याची सवय एकेकाळी शाळाशाळांत होती, आणि त्यातून कितीतरी माणसांचं घरातलं नाव एक आणि दाखल-खारीजमधलं नाव दुसरं असं कायमचं होऊन बसलं. शिक्षक वाचत असतील तर त्यांना कळकळीची विनंती आहे: नाव बदलू नका, वर्गाला त्या नावाचा अर्थ सांगा. ज्या बिरसाच्या फोटोला आपण हार घालतो त्याचंही नाव वारावरूनच पडलं होतं, एवढं एक वाक्य पुरतं. आईबापांनी सावधगिरी म्हणून बुधूऐवजी बुधराम किंवा बुधाजी असं रूप घेतलं तरी वार आणि रीत दोन्ही राहतात.

सारख्या नावांचे आणखी दोन-तीन प्रकार आपल्या जिल्ह्यांत भेटतात. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेलेले वीर शेडमाके कुठे बाबूराव लिहिलेले सापडतात, कुठे बापूराव. दोन्ही नावं मराठीत स्वतंत्रपणे चालतात, म्हणून त्यांच्या नावावरून मुलाचं नाव ठेवायचं असेल तर घरानं एकच रूप ठरवावं आणि त्याला चिकटून राहावं. दुसरी जोडी भीम आणि भीमा. जिवती-राजुऱ्याच्या पलीकडे, तेलंगणात, कोमराम भीम १९४० मध्ये जोडेघाटला निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. आज त्यांच्या नावाचा जिल्हा आपल्या सीमेला लागून आहे. राजगोंड घरात भीम म्हटलं की हा भीम आठवेल. चंद्रपूर शहरात मात्र भीम म्हटल्याबरोबर बाबासाहेब आठवतात, आणि १६ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी याच शहरात हजारोंना धम्मदीक्षा दिली, तेव्हा इथे दुसरं काही आठवणारही नाही. दोन्ही आठवणी अभिमानाच्या आहेत, त्यामुळे इथे मला काही अडचण दिसत नाही. भीमा असं शेवटी आ लावलं की कान थोडा गोंड-माडिया घराकडे झुकतो, एवढंच. बौद्ध घरांत सुजात आणि सुजित यांच्यात असाच प्रश्न येतो. सुजित कुठल्याही घरातला असू शकतो, सुजात म्हटलं की कानाला बौद्ध परंपरेची चाहूल लागते. तुम्हाला ती चाहूल हवी आहे का, याचं उत्तर ठरवा, नाव आपोआप ठरेल.

विहान आणि विवान, आरव आणि आरुष या शहरी जोड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विहान म्हणजे पहाट, हिंदी पट्ट्यात तो बोलण्यातला शब्द आहे. विवानचे मोबाइलवरच्या याद्यांत दरवेळी नवे अर्थ दिलेले असतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. वर्गात या नावांची तीन-चार मुलं सापडतील एवढं मात्र लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो कागदावर, म्हणून तिकडे सविस्तर वळतो. इंग्रजी लिपीत बिरसा आणि बीरशा यांच्यात एका एच चा फरक आहे. तो एच विसरला की बीरशाचा बिरसा झाला, उगाच लावला की बिरसाचा बिरशा झाला. बीरशाह लिहायचं तर दोन एच लागतात, आणि त्यांतला एक तरी कुठेतरी गळतोच. इकार एक आय लिहायचा की दोन ई, हा आणखी वेगळा घोळ. तेव्हा बारशाच्या आधीच नाव मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर ठळक लिहून काढा, घरातल्या शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्या आणि जन्मनोंदणीला जाताना तोच कागद पुढे करा. नाव तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलेल्या नावात श टिकत नाही हे वर पाहिलंच.

जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर दवाखाना ती कळवतो, घरी झालं तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत कळवायची. नाव ठरलं नसेल तर नावाविना नोंद होते, घाई करू नका. नंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण इतका उशीर करू नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जातो, शाळेच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत. दाखल्यावर जे अक्षर चुकलं ते पुढे सगळीकडे चुकत जातं. लेखनाची चूक लगेच दिसली तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे अर्ज करून ती दुरुस्त करून घेता येते. दाखला हातात आला की तिथेच, खिडकीपाशी उभं राहून, मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं अक्षर अक्षर वाचा.

आधार काढताना एक खास काळजी घ्या. तिथे नाव इंग्रजीत टाईप केलं की मराठी रूप यंत्र आपणच तयार करतं, आणि बीरशाचं बिरशा, बिर्शा असं काहीही होऊ शकतं. पावतीवरचं मराठी नाव वाचल्याशिवाय उठू नका. वाचता येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या पोराला बरोबर न्या.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी दस्तऐवजांत आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आला आहे. म्हणून नाव आता आईच्या नावाला लावून म्हणून पाहा. आईचं नाव आ नं सुरू होत असेल, समजा आशा किंवा आरती, तर बिरसा आणि आशा एकमेकांत मिसळून बिरसाशा असं ऐकू येतं. अशा घरात ह चा आडोसा असलेलं बीरशाह हे पूर्ण रूप नीट उभं राहतं. आईचं नाव मीरा, सुनीता, जनाबाई असेल तर काही अडत नाही.

आदिवासी घरांनी तर अक्षराची काळजी दुप्पट घ्यावी. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीला समितीपुढे जाताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे लागतात, आणि आपल्या भागात ते बहुधा कोतवाल बुकाच्या नकलेतून किंवा आज्याच्या शाळेच्या दाखल-खारीजमधून येतात. त्या जुन्या नोंदी ऐकल्या तशा लिहिलेल्या असतात: कुठे बिरसा, कुठे बीरशा, कुठे बिरू. आज्याच्याच नावावरून नातवाचं नाव ठेवत असाल तर आधी ती नक्कल मिळवा आणि आज्याचं नाव त्यात कसं आहे ते पाहा. नातवाचं नाव शक्यतो त्याच रूपात ठेवा. वनहक्काचा दावा, तेंदूपत्त्याच्या बोनसचं बँक खातं, शिष्यवृत्ती, सगळीकडे नाव जुळवून पाहिलं जातं. एका एच वरून अडलेले पैसे सोडवायला तालुक्याला किती चकरा होतात हे इथल्या माणसाला मी सांगायला नको.

एकाच घरात, चुलत भावांत, एकाचं बिरसा आणि दुसऱ्याचं बीरशा असं मात्र कधीच करू नका. आडनाव एक, गाव एक, राशनकार्ड कदाचित एक, आणि नावांत फरक एका अक्षराचा. औषधाच्या चिठ्ठीपासून लसीकरणाच्या नोंदीपर्यंत घोळ होईल. थोरल्याला एक मिळालं असेल तर धाकट्यासाठी दुसरं काही शोधा, आपल्याकडे नावांचा तोटा नाही.

टोपणनावाचाही विचार करून ठेवा. विदर्भात कोणतंही नाव धड राहत नाही. बिरसाचं बिरस्या होणार, बीरशाचं बीरू होणार, आणि बीरू पुढे शोलेतल्या वीरूकडे घसरणार. बीरू हे रूप गोड आहे, बिरस्या थोडं रांगडं. दोन्ही नावांत मन समान गुंतलं असेल तर एवढ्यावरूनही निवड करायला हरकत नाही.

दोघांत एकमत होत नसेल तर आठ दिवस असं करून पाहा. चार दिवस बाळाला घरात सगळ्यांनी एका नावानं हाक मारायची, पुढचे चार दिवस दुसऱ्या. आजीला, मामाला, शेजारणीला कोणतं नाव न अडता येतं ते ऐका. शेताच्या बांधावरून एकदा मोठ्यानं हाक मारा. कुरखेड्याच्या बाजारात नेऊन ओळखीच्या दुकानदाराला नाव सांगा आणि तो परत काय म्हणतो ते ऐका. हे चालू असताना नोंदणीचे २१ दिवस मात्र उलटू देऊ नका. खबर देऊन ठेवा, नावाचा रकाना रिकामा राहू द्या, आणि घर एका नावावर आलं की तो दोन लिप्यांत लिहिलेला कागद घेऊन ग्रामपंचायतीत जा.